वाटेकरी

मास्टरमोशाय पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईनं त्यांना एकच प्रश्न विचारला. "मासे लागतात का हो जेवणात? आमच्याकडे मिळायचे नाहीत."

तिची हिंदी नागपुरी आणि त्यांची बंगाली वळणाची. जिन्याच्या कठड्याला धरून ते तसेच उभे राहिले. उत्तर द्यायला त्यांना बराच वेळ लागला. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं. तुरुंगातून सुटून तेव्हा दहा महिने झाले होते आणि त्या दहा महिन्यांत भेटेल तो तेच तीन प्रश्न विचारत होता : कुठं पकडलं, किती मारलं, आता काय करणार. "तुझ्या आईनं जेवणाचं विचारलं. मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकतंय."

ही १९७८ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. बाबा दक्षिण-पूर्व रेल्वेत होते. तिचं मुख्यालय कोलकात्यात गार्डन रीचला. तिथले जुने लोक अजून 'बीएनआर'च म्हणत, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. नाव ऐकून आईला वाटलं होतं, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, त्यात काय एवढं. रेल्वेमंत्री मधु दंडवत्यांनी आदल्या डिसेंबरात सुरू केलेल्या नव्या कोऱ्या गीतांजली एक्सप्रेसनं आम्ही नागपूरहून हावड्याला गेलो. त्या गाडीला पहिला वर्ग नव्हता, सगळे सारखे. बाबांना त्याचं फार कौतुक. आम्ही घर घेतलं ते कालीघाटच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जवळच हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास, म्हणजे गणपतीची आणि पुरणपोळीची सोय होती. अडचण माझी होती. शाळेत बंगाली सक्तीचं आणि मला त्यातलं अक्षर येत नव्हतं. गणिताचाही आनंदच होता.

गल्लीच्या तोंडाशी एक होमिओपॅथीचे डॉक्टर बसत. आईनं त्यांना शिकवणीसाठी मास्तर विचारला. त्यांनी ज्यांचं नाव सुचवलं ते मास्टरमोशाय त्यांच्याच दवाखान्यात पुड्या बांधायचे. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. हा मुलगा गणितात फार हुशार, कॉलेज सोडून नक्षलवाद्यांबरोबर मेदिनीपूरच्या खेड्यांत गेला, १९७१ मध्ये पकडला गेला, सहा वर्षं आत होता. १९७७ च्या जूनमध्ये डाव्या आघाडीचं सरकार आलं, त्यानं राजकीय कैदी सोडले, त्यात हा सुटला. डॉक्टर म्हणाले, "मी त्याला काम दिलंय, पण पुड्या बांधणं हे काही त्याचं काम नाही."

बाकीचं हळूहळू कळत गेलं. मास्टरमोशायांचं स्वतःचं घर त्याच गल्लीत होतं, पण ते तिथे राहत नव्हते. थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न जमत होतं. सोयरीक जुळेपर्यंत तू इथे दिसू नकोस, असं भावानं हात जोडून सांगितलं होतं. सरकारी नोकरीची वाट बंद, कारण तिथे पोलिसांचा दाखला लागे. रात्री ते पाड्याच्या वाचनालयात झोपत. (तिकडे मोहल्ल्याला पाडाच म्हणतात.) वाचनालयाच्या चिटणीसांनी किल्ली दिली होती ती तोंडी, कागदावर काही नव्हतं. सरकारनं फाटक उघडलं आणि सरकारचं काम तिथे संपलं. समुपदेशन, पुनर्वसन हे शब्द त्या गल्लीत कुणी ऐकले नव्हते. एकानं पुड्या बांधायला दिल्या, एकानं किल्ली दिली आणि आईनं आपलं पोर दिलं.

बाबांचा याला विरोध होता. केंद्र सरकारची नोकरी, परका मुलूख, त्यात नक्षल मास्तर. कचेरीतल्या बंगाली सहकाऱ्यांनीही त्यांना सावध केलं. आई म्हणाली, "डॉक्टर त्याच्या हातच्या पुड्या सगळ्या गल्लीला खायला देतात. आपण तर फक्त पाढे घेणार." आणि तिनं पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ देऊन टाकले. मास्टरमोशायांनी हातातल्या नोटांकडे बघितलं आणि विचारलं, "बौदी" (म्हणजे वहिनी), "मी उद्या आलोच नाही तर?" आई म्हणाली, "मग परवा या."

शिकवणी बाहेरच्या खोलीत चालायची आणि जिन्याकडचं दार सताड उघडं असायचं. येताजाता शेजारचे डोकावत. त्यांना वाटे, मराठी बाई शहाणी आहे, नजर ठेवून असते. मला वाटे, उकाड्यामुळे. तेव्हा कोलकात्यात रोज संध्याकाळी लोडशेडिंग. वीज गेली की कंदील यायचा आणि मास्टरमोशाय आपली खुर्ची सरकवून अशी मांडायचे की उघडं दार त्यांच्या समोर येई. खाली एखादी जीप थांबल्याचा आवाज आला की बोलता बोलता गप्प व्हायचे. जीप गेली की राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू.

बंगाली त्यांनी मला विद्यासागरांच्या 'वर्णपरिचय'वरून शिकवलं. १८५५ सालचं ते पुस्तक, बंगालच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच अक्षरं गिरवत आल्या. त्यात शहाणा गोपाल आहे आणि वांड राखाल आहे. दुसऱ्या भागात भुवनची गोष्ट येते. भुवन लहानपणी शाळेतून दुसऱ्याचं पुस्तक चोरून आणतो, त्याला वाढवणारी मावशी काही बोलत नाही. चोऱ्या वाढत जातात आणि एक दिवस फाशीची शिक्षा होते. शेवटची भेट म्हणून तो मावशीला बोलावतो, कानात सांगायचं निमित्त करून जवळ घेतो आणि तिचा कान चावून तोडतो. वेळीच का नाही अडवलंस?

मला ही गोष्ट भयंकर आवडली. बदल्यात मी त्यांना आमच्या वाल्या कोळ्याची सांगितली. वाटसरूंना लुटणारा वाल्या, त्याचे ते खड्यांनी भरलेले रांजण, नारदाचा प्रश्न, आणि घरी जाऊन बायकामुलांना विचारणं की माझ्या पापात तुम्ही वाटेकरी होणार का. सगळे म्हणतात, छे, आम्ही का? मास्टरमोशायांना वाल्मीकी ठाऊक होता, पण ही वाटेकऱ्यांची बाजू त्यांनी मन लावून ऐकली. 'वाटेकरी' हा शब्द मला दोनदा उच्चारायला लावला. मग म्हणाले, "तुमच्या गोष्टीत घरचे सुटले आणि आमच्या गोष्टीत मावशीचा कान गेला. गणित बरोबर कुणाचं?" मी म्हटलं, भुवनचं. ते हसले नाहीत. त्यांच्या भावाचं घर आमच्या खिडकीतून दिसायचं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

पुढे एका रविवारी ते मला कॉलेज स्क्वेअरला घेऊन गेले. तिथे विद्यासागरांचा पुतळा आहे. १९७० मध्ये चळवळीतल्या पोरांनी त्याचं डोकं उडवलं होतं. सरंजामी, इंग्रजधार्जिणे म्हणून त्या काळात पुतळे फोडत असत. मी विचारलं, "तुम्ही होता?" ते म्हणाले, "मी तेव्हा खेड्यात होतो. बातमी कळली तेव्हा टाळी वाजवली." जरा थांबून म्हणाले, "आणि आता त्यांच्याच पुस्तकावर पोट भरतो."

गणितात त्यांचा एक नियम होता. चुकलेली ओळ खोडायची नाही, रबरानं तर मुळीच पुसायची नाही. ती तशीच राहू द्यायची आणि तिच्याखाली बरोबर ओळ लिहायची. पानं घाणेरडी दिसत. शाळेत त्यावरून बोलणी बसत. पण परीक्षेच्या आधी वही उघडली की आपण कुठे कुठे घसरलो ते सगळं समोर दिसायचं.

मी फार चुका केल्या की ते मला 'बर्गी' म्हणत. बंगालात पोरांना निजवायच्या अंगाईत ज्यांची भीती घालतात ते बर्गी म्हणजे आमचेच बारगीर, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं त्यांनी बंगालची गावं लुटली, जाळली. त्यांच्या धास्तीनं कोलकात्याभोवती खंदक खणला, त्याचं नावच 'मराठा डिच'. शाळेत पाठ्यपुस्तकात शौर्य म्हणून वाचलेलं इथे अंगाईत भय होऊन बसलेलं बघून मी रडकुंडीला आलो होतो. मास्टरमोशाय म्हणाले, "अरे, तुमच्या नागपूरच्या लोकांनी आमची भाताची कोठारं जाळली. तरी या पाड्यानं तुम्हाला घर भाड्यानं दिलंच ना? फक्त तुम्हाला सव्वादोनशे वर्षं लागली. माझी तर आत्ता कुठे सात होतायत."

त्यांच्यावर एवढी वर्षं वाट बघायची वेळ आली नाही, याचं कारण पाऊस. १९७८ च्या सप्टेंबरअखेरीस कोलकात्यात असा पाऊस कोसळला की अख्खं शहर बुडालं. आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी. बाबा गार्डन रीचला अडकलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्टरमोशाय पाण्यातून आले, डोक्यावर मुरमुऱ्यांचं पोतं आणि हातात रॉकेलचा डबा. मागे पाड्यातली पाचसहा पोरं. तळमजल्यावरची म्हातारी माणसं त्यांनी आमच्या घरात आणून बसवली. क्लबात चूल मांडून खिचडीची व्यवस्था लावली. कुठल्या घरात तान्हं मूल, कुठे दमेकरी, कुणाकडे किती तांदूळ, याची यादी त्यांनी माझ्याच गणिताच्या वहीत केली. खेड्यात जाऊन माणसं जोडायचं जे शिक्षण पार्टीनं दिलं होतं, ते या गल्लीच्या कामी आलं. त्या दिवसांत पहिल्यांदा लोक गच्च्यांवरून त्यांना नावानं हाका मारू लागले. मास्टरमोशाय, इकडे दूध हवंय. मास्टरमोशाय, आजीचं औषध. पाणी ओसरलं आणि दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे अकरा पोरं शिकायला येऊ लागली. भावाच्या मुलीचं लग्न झालं त्या मांडवात पंगत वाढायला तेच होते.

एक घर मात्र कधी आलं नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक विधवा बाई राहत. त्यांचे यजमान वाहतूक पोलीस होते. १९७०-७१ च्या त्या दिवसांत चौकात उभे असणारे साधे शिपाईही मारले जात होते, त्यात ते गेले. मास्टरमोशायांचा त्यात हात नव्हता, असं पाडा म्हणे. ते स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत. त्या बाई समोरून येताना दिसल्या की हे रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जात, म्हणजे त्यांना ओलांडावा लागू नये. वीस वर्षं हे असंच चाललं. मोठा झाल्यावर मी एकदा विचारलं, तुम्ही जाऊन बोलत का नाही? ते म्हणाले, "बोलून माझं ओझं उतरेल. तिचं काय उतरणार? काही देणी फेडायची नसतात, नुसती वागवायची असतात."

१९८४ मध्ये बाबांची बदली झाली आणि आम्ही नागपूरला परतलो. मी पुढे गणिताचाच शिक्षक झालो. दर दोनतीन वर्षांनी कोलकात्याला जायचो. असाच एकदा अलीपूरवरून जाताना प्रेसिडेन्सी तुरुंगाची पाटी वाचून चकित झालो : 'संशोधनागार'. मला वाटलं, आत संशोधन चालतं. मास्टरमोशाय पोट धरधरून हसले. बंगालीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, चूक सुधारणं. पश्चिम बंगालनं १९९२ च्या कायद्यानं तुरुंगाला हे नवं नाव दिलं होतं. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "पाटी चांगली आहे. आता आत दुरुस्ती करणारा पाहिजे."

तो एका बाईंच्या रूपानं आला, हे त्यांनीच मला दाखवलं. नृत्यांगना अलोकानंदा रॉय २००७ मध्ये याच तुरुंगात एका कार्यक्रमासाठी गेल्या आणि तिथेच गुंतल्या. तेव्हाचे तुरुंग महानिरीक्षक बी. डी. शर्मा यांच्या पाठिंब्यानं त्यांनी कैद्यांना नाच शिकवायला घेतला. खून, खंडणी, दरोड्याचे गुन्हे असलेले गडी. बसवलं काय, तर रवींद्रनाथांची 'वाल्मीकिप्रतिभा', १८८१ ची संगीतिका. तिच्या पहिल्या प्रयोगात वाल्मीकी स्वतः रवींद्रनाथच झाले होते. कैद्यांच्या या प्रयोगात वाल्मीकी झाला नायजेल अक्करा, एकेकाळचा नामचीन गुंड. २००९ मध्ये तो सुटला, त्यानं साफसफाईची कामं घेणारी कंपनी काढली, तुरुंगातून सुटलेल्यांना तिथे कामावर घेतलं आणि २०१२ च्या 'मुक्तधारा' या सिनेमात नायकाचं काम केलं.

प्रयोग बघायला आम्ही दोघं गेलो होतो. रवींद्रनाथांच्या वाल्मीकीला नारद भेटत नाही. कालीपुढे बळी द्यायला आणलेली पोर रडते आणि दरोडेखोरांच्या म्होरक्याला आतून कालवतं. रांजण, खडे, वाटेकरी यातलं तिथे काही नाही. परतताना मी म्हटलं, आमची गोष्ट जास्त कडक आहे. मास्टरमोशाय वेगळ्याच विचारात होते. म्हणाले, "ती सगळी पोरं अलोकानंदांना 'मा' म्हणतात, ऐकलंस? बाहेरच्या रंगमंचावर आणायचं म्हणजे एखादा पळाला असता तर पहिलं बोट कुणाकडे गेलं असतं? हा तुझा वाटेकरी." मराठी शब्द, बंगाली उच्चार. तीस वर्षं त्यांनी तो जपून ठेवला होता.

त्यांच्याच तोंडून मी मनोरंजन ब्यापारींबद्दल ऐकलं. निर्वासितांच्या छावणीत वाढलेला दलित मुलगा, नक्षल काळात तुरुंगात गेला आणि पोटापाण्याच्या वयात तिथेच एका कैद्याकडून अक्षर ओळखायला शिकला. सुटल्यावर जादवपूरला रिक्षा ओढताना त्यानं एका सवारीला 'जिजीविषा' या शब्दाचा अर्थ विचारला. सवारी होती लेखिका महाश्वेतादेवी. अर्थ तर त्यांनी सांगितलाच, वर आपल्या 'बर्तिका' नियतकालिकासाठी लिही म्हणाल्या. रिक्षावाल्याचा लेखक झाला, पुढे आमदारही. "बघ," मास्टरमोशाय म्हणायचे, "त्याचं लिखाण त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं." त्यांना अशा गोष्टींत हटकून आगाऊ दिलेले पैसे दिसत.

२०११ च्या नोव्हेंबरात मी तिकडेच होतो. १७ तारखेला माओवादी जागरी बास्के आणि तिचा नवरा राजाराम सोरेन यांनी रायटर्स बिल्डिंगमध्ये मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. बरोबर एका आठवड्यानं बुडीशोलच्या जंगलात माओवाद्यांचा नेता किशनजी, म्हणजे मल्लोजुला कोटेश्वर राव, मारला गेला. वर्तमानपत्रात त्याचं छायाचित्र होतं. मास्टरमोशायांनी ते पान घडी करून बाजूला ठेवलं. दिवसभर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पोरं शिकायला आली, तेव्हा अपूर्णांक शिकवले.

२०१८ मध्ये ते गेले. विद्यार्थ्यांनी वाचनालयातच स्मरणसभा घेतली. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा शेवटच्या रांगेत, दाराशी, त्या पोलिसाची मुलगी बसलेली दिसली. पन्नाशी ओलांडलेली. माझं बोलून होईपर्यंत ती उठून गेली होती. ती का आली होती, ते कुणी विचारलं नाही.

नागपूरला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. बोलता बोलता त्या उघड्या दाराचा विषय निघाला. मी म्हटलं, तू खरंच नजर ठेवायचीस का गं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पहिले पंधरा दिवस दार तुझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. मग एकदा वाऱ्यानं ते धाडकन लागलं आणि मास्तरांचा चेहरा बघितला. त्यानंतर त्यांच्यासाठी ठेवलं."

सहा वर्षं मी त्या दारासमोर बसून गणित सोडवलं आणि मला हे दिसलं नव्हतं.

२०२५ च्या ऑक्टोबरात गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती आपल्या साठ सहकाऱ्यांसह शरण आला. किशनजीचा धाकटा भाऊ. त्याची पत्नी तारक्का त्याच वर्षाच्या पहिल्याच दिवशी शरण आली होती. एक भाऊ मेदिनीपूरच्या जंगलात संपला, दुसरा चौदा वर्षांनी आमच्या विदर्भात बंदूक ठेवून उभा राहिला. गडचिरोलीत २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. पैसे मिळतात, घराला जागा मिळते, आधार कार्ड आणि रेशन कार्ड निघतं. दलमात, म्हणजे नक्षल तुकडीत, असताना नसबंदी करायला लावलेल्या पुरुषांवर ती उलटवायची शस्त्रक्रियाही सरकार करवून देतं. शरण आलेल्या बायका फिनेल करायला शिकल्या. मास्टरमोशायांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं, आणि हे सगळं असायलाच हवं. पण त्यांना जे मिळालं होतं, ते कुठल्या शासन निर्णयात बसवायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

भूपतीची बातमी आली त्या सकाळी मी ती आईला वाचून दाखवली. ती आता ऐंशीच्या घरात आहे, ऐकायला कमी येतं. साठ जण, हे मला दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. पेपरातला तो फोटो तिनं चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून पाहिला. वाकलेली माणसं, पुढ्यात रांगेनं मांडलेल्या बंदुका.

"एवढी माणसं," ती म्हणाली. "जेवायला काय देतात रे त्यांना?"